दफ्तराशिवाय माल: उजिमा रोजच्या व्यवहारात कसा चालतो

‘माली बिला दफ्तारी, हुपोतेआ बिला हबारी.’ ही पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतली म्हण मराठी माणसाला निम्मी तरी न शिकता कळते. माली म्हणजे माल, मत्ता. बिला म्हणजे शिवाय. दफ्तारी म्हणजे हिशेबाची वही आणि हबारी म्हणजे खबर. नवं आहे ते एकटं क्रियापद: हुपोतेआ, म्हणजे हरवतो. वहीत न मांडलेला माल खबर न लागता जातो. अरबी-फारसी शब्द आपल्याकडे दरबारातून आणि कचेरीतून आले. तिकडे ते गलबतांतून झांझिबार, लामू, मोम्बासाच्या धक्क्यांवर उतरले. म्हणूनच पैशाअडक्याचं बोलणं निघालं की दोन्ही भाषा अचानक शेजारणी वाटू लागतात.

उजिमा समजून घ्यायला ही म्हण चांगली, कारण या शब्दाभोवती गोडवा फार साचला आहे. उजिमा म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम आणि त्याची सगळ्यांनी मिळून घ्यायची जबाबदारी. सुरुवातीचा ‘उ’ भाववाचक नाम करतो, आपल्या ‘पणा’सारखा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या क्वान्झा सणात या शब्दाला मानाचं स्थान आहे. कृष्णवर्णीय चळवळीतले कार्यकर्ते आणि अभ्यासक मौलाना करेंगा यांनी १९६६ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या या सणाचे सात दिवस आणि सात तत्त्वं आहेत. तिसरं तत्त्व उजिमा, त्याचा दिवस २८ डिसेंबर. आपल्या भावाबहिणींच्या अडचणी त्या आपल्याच अडचणी मानाव्यात आणि मिळून सोडवाव्यात, असा तिथला त्याचा अर्थ. टांझानियातल्या शाळकरी पोराला मात्र हा शब्द आधी इतिहासाच्या तासाला भेटतो. तिथे ‘उजिमा’ म्हणजे राजा-प्रजा, मालक-मजूर असे भेद पडण्याआधीची समाजव्यवस्था.

गावात, गल्लीत हीच गोष्ट चालते ती वेगवेगळ्या नावांनी. खोदकामाचं नाव निराळं, बचतीचं निराळं, मयतीचं निराळं. सगळीकडे सामाईक आहेत त्या तीनच गोष्टी: झामू (पाळी), दफ्तारी (नोंद) आणि फाइनी (दंड). यातलं एक गळालं की बाकीच्या दोन फार दिवस तग धरत नाहीत.

एका मीटरला अर्धा टन

नैरोबीच्या आग्नेयेला मचाकोस आहे, कांबा लोकांचा डोंगराळ, कमी पावसाचा मुलूख. १९३०च्या दशकात इथली जमीन इतकी धुपली होती की इंग्रज अधिकारी तिच्याकडे वाया गेलेला प्रदेश म्हणून बोट दाखवत. पुढच्या साठेक वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून जास्त वाढली आणि धूप मात्र कमी झाली. त्यामागे बाजार, कॉफी, शहरातून येणारा पगार अशी बरीच कारणं आहेत. पण उतारावर प्रत्यक्ष कुदळ चालवली ती म्वेथ्या गटांनी. म्वेथ्या म्हणजे कांबांची पाळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबायची रीत. आपल्या इर्जिकीत घरधनी जेवण घालतो आणि लोक एका दिवसात शेत उरकून देतात. सावडीत बैल आणि माणसं अदलाबदलीनं फिरतात. म्वेथ्या या दोन्हींच्या मध्ये बसते, आणि तिच्यात बायकांचा भरणा जास्त.

काम असतं ‘फान्या जू’ बांध घालायचं. शब्दशः अर्थ ‘वर कर’. उताराला आडवा, समपातळीत चर खणायचा आणि निघालेली माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. साधारण ६० सेंटीमीटर रुंद, तेवढाच खोल. माती वर टाकणं जिकिरीचं. खाली ढकलणं कितीतरी सोपं, आणि त्यालाही ‘फान्या चिनी’ असं नाव आहेच. पण खालच्या पद्धतीत शेत सपाट होत नाही. वर बांध असला की त्याच्यामागे पावसासोबत वाहून आलेली माती अडते, वर्षागणिक थर चढतो आणि काही वर्षांत उताराच्या पायऱ्या होतात. बांध दरवर्षी थोडा उंचवावा लागतो, नाहीतर साचलेली माती त्याच्या डोक्यावरून सांडायला लागते.

हिशेब करून बघा. ६० गुणिले ६० सेंटीमीटरच्या चरात दर मीटर लांबीला ०.३६ घनमीटर माती निघते, वजनानं अर्ध्या टनाच्या आसपास. शंभर मीटरच्या एका चराला ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ५० टन माती उचलून वर टाकायची. धडधाकट माणूस कडक जमिनीत दिवसाला दोन घनमीटर काढतो असं धरलं तर एकट्याला १८ दिवस. अठराजणी आल्या तर एक दिवस.

गणितानं दोन्ही सारखंच, १८ माणूस-दिवस. मग एकत्र का यायचं? कारण पाऊस. मचाकोसला पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. खणायला मधले कोरडे महिने. अर्धवट चर हा चर नसण्यापेक्षा वाईट: अडवलेलं पाणी जिथे काम थांबलं त्या टोकाकडे गोळा होतं, तिथून फुटतं आणि एकच मोठी घळ पाडून खालच्या शेजाऱ्याच्या शेतात शिरतं. एकट्यानं हळूहळू करण्यात धोका आहे तो हा. शिवाय उतार सलग असतो. वरच्या शेतकऱ्यानं बांध घातला नाही तर त्याचं पाणी खालच्याचा बांध फोडतं. ‘सामूहिक जबाबदारी’ हा मोठा शब्द इथे अगदी ओल्या मातीचा होतो, आणि म्हणून गटाची पाळी बहुधा टेकडीच्या वरच्या अंगापासून लावणं शहाणपणाचं ठरतं.

आखणी चुकली की सगळं चुकतं. दोन काठ्या, मध्ये ताणलेली दोरी, दोरीच्या मध्यावर टांगलेली छोटी पाणसळ. एकजण खालीवर सरकून समपातळीचा बिंदू शोधतो, तिथे खुंटी ठोकतो, पुढे जातो. दोरी सैल असली तर पाणसळीची जागा खाली झोल खाते आणि रेषा फसते. दर थोड्या अंतरानं दोरी ताणून, दोन्ही बाजूंनी एकदा उलटून तपासावं लागतं. चर आणि बांध यांच्यात वीतभर ते फूटभर पट्टी मोकळी सोडतात, नाहीतर पहिल्याच सरीत माती परत चरात. बांधावर लगेच नेपियर किंवा मकारिकारी गवत लावायचं: मुळं माती धरतात आणि गुरांना वैरण होते. गवत नसलेला बांध दुसऱ्या हंगामापर्यंत टिकला तर नशीब.

आता माणसांची आखणी. एका गटात वीस-पंचवीसजणी असल्या की कामाचे वार ठरतात, आठवड्यातून दोन सकाळी, उन्हाआधी. हजेरी लिहिली जाते. येता आलं नाही तर बदली माणूस, तो पोरगा नको, काम झेपेल असा हवा. तेही नाही तर दंड. मोजमाप वेळेचं न करता लांबीचं केलं तर भांडणं कमी होतात: प्रत्येकीला ठरावीक पावलं, खुंटीपासून खुंटीपर्यंत. तासांवर मोजलं की लवकर येणारी आणि जोरात खणणारी दोघी चार दिवसांत रुसतात. सगळ्यात नाजूक प्रश्न ज्यांचं शेतच लहान आहे किंवा सपाट आहे त्यांचा. त्यांनी २० दिवस दुसऱ्यांकडे राबावं आणि त्यांच्याकडे दोनच दिवसांचं काम असावं, हा तोटाच. जाणते गट अशा बाईची पाळी दुसऱ्या कामानं फेडतात: घराचं छप्पर, विटा, पाण्याची टाकी.

इंग्रजांच्या काळात हेच काम सक्तीनंही करवून घेतलं गेलं होतं. चर तेच, उतार तोच. सक्तीच्या बांधांची डागडुजी करायला पुढच्या वर्षी कुणाला उत्साह नसे. स्वतःच्या पाळीत, स्वतःच्या शेतात शेजारणींनी घातलेला बांध मात्र बाई मोडू देत नाही, कारण तो फुटला तर त्याच शेजारणींना पुन्हा बोलावायला तोंड राहत नाही.

तीन कुलपांची पेटी

टांझानियातल्या बचत गटाच्या बैठकीत बसलं तर मराठी कानाला आणखी मजा येते. हिसा, हेसाबू, फाइदा, हाझिना, सांदुकू: हिस्सा, हिशेब, फायदा, खजिना, संदूक. सचिवाला म्हणतात कातिबू, म्हणजे आपला कातिब, लिहिणारा. खजिनदार तो ‘म्वेका हाझिना’, खजिना ठेवणारा. अध्यक्ष ‘म्वेन्येकिती’, खुर्चीचा धनी. गटाची नियमावली ती ‘कातिबा’, आणि देशाच्या राज्यघटनेलाही हाच शब्द.

गटांचे प्रकार दोन. पहिला म्हणजे आपली भिशीच. केनियात सगळे तिला मेरी-गो-राउंड म्हणतात आणि गटाला चामा; टांझानियात उपातु किंवा म्चेझो, म्हणजे खेळ. बाराजणींनी महिन्याला हजार शिलिंग घातले, दर महिन्याला एकीला बारा हजार. पहिलीला अकरा हजारांचं बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटची अकरा महिने सगळ्यांना बिनव्याजी कर्ज देते. म्हणून क्रम हाच खरा झगडा. चिठ्ठ्या टाकणं न्याय्य दिसतं, पण नवख्या सभासदाला पहिली चिठ्ठी लागली आणि ती तिसऱ्या महिन्यात गाव सोडून गेली तर गट बुडतो. जुने गट नव्या सभासदाला पहिल्या फेरीत शेवटच्या पाळ्यांत ठेवतात आणि दुसऱ्या फेरीपासून चिठ्ठ्यांत घेतात. एक खबरदारी: ‘उपातु’ हे नाव साखळी योजनावालेही वापरतात. खऱ्या उपातुत माणसं, रक्कम आणि क्रम पहिल्या दिवशी ठरलेले असतात. नवीन माणसं आणाल तितकी रक्कम वाढेल असं कुणी म्हणालं की तो खेळ दुसराच.

दुसरा प्रकार पेटीचा. ही रीत १९९१ साली पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये केअर या संस्थेनं बायकांबरोबर बसवली आणि ती पूर्व आफ्रिकेत अशी रुजली की आता तिकडचीच वाटते. टांझानियात अशाच ग्रामबँकांना विकोबा म्हणतात. माणसं १५ ते २५, फार तर ३०. फेरी नऊ ते बारा महिन्यांची. फेरीच्या सुरुवातीला एका हिश्श्याची किंमत ठरते आणि वर्षभर बदलत नाही. प्रत्येकानं दर बैठकीत किमान एक, कमाल पाच हिस्से घ्यायचे. हिस्सा घेतला की पासबुकात शिक्का. पाचपैकी जितके घेतले नाहीत तितके चौकोन लगेच रेघ मारून खोडायचे. ही रेघ क्षुल्लक वाटते. ती नसली तर रिकाम्या चौकोनांत नंतर शिक्के उमटतात.

पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघांकडे. किल्लीवाले समितीत नसावेत, एका घरातले नसावेत, आणि पेटी ज्याच्याकडे राहते त्याच्याकडे एकही किल्ली नसावी. पासबुकंसुद्धा पेटीतच. समिती पाचजणांची: अध्यक्ष, लिहिणारी, पेटी सांभाळणारी आणि दोन पैसे मोजणारे. बैठकीत सगळे आपल्या नंबरानं अर्धगोलात बसतात, म्हणजे प्रत्येकाला मधल्या वाडग्यातली नोट न् नोट दिसते. पहिल्यांदा गेल्या बैठकीची शिल्लक किती होती ते सभासद तोंडी सांगतात, मग पेटी उघडून मोजतात. शेवटी पुन्हा शिल्लक मोठ्यानं सांगायची आणि सगळ्यांनी पाठ करून घरी जायचं. निरक्षर सभासदाच्या हातातली हीच दफ्तारी. वही एकीकडे, वीस डोक्यांत एकच आकडा दुसरीकडे. दोन्ही खोटी करणं कठीण.

वर्षअखेरीचा हिशेब कसा बसतो ते एका काल्पनिक गटावरून पाहू. माणसं २०, हिस्सा २,००० टांझानियन शिलिंगांचा, बैठका ५०, आणि सरासरीनं प्रत्येकजण बैठकीला तीन हिस्से घेतो. एकूण हिस्से ३,०००, जमा ६० लाख शिलिंग. कर्जांवरचं व्याज आणि दंड मिळून समजा १२ लाख. वाटपाच्या दिवशी पेटीत ७२ लाख, भागिले ३,०००, म्हणजे हिस्सा २,४०० ला पडला. १५० हिस्सेवालीनं ३ लाख घातले, तिला ३ लाख ६० हजार. ६० हिस्सेवालीला १ लाख ४४ हजार. या गणितात एक अन्याय मुद्दाम ठेवलेला आहे: पहिल्या आठवड्यातला हिस्सा आणि पन्नासाव्या आठवड्यातला हिस्सा सारखाच फायदा खातो. तारखेनुसार व्याज लावलं तर ते बरोबर होईल, पण मग हिशेब एकट्या कातिबूलाच कळेल. गट थोडा अन्याय पत्करतात आणि हिशेब सगळ्यांना कळेल असा ठेवतात. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

कर्ज सहसा स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत, मुदत तीन महिने, व्याज महिना पाच ते दहा टक्के. दर ऐकून डोळे पांढरे होतात. उत्तर ठरलेलं असतं: व्याज आपल्याच पेटीत येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. जी जास्त कर्ज घेते ती व्याज भरते आणि जी जास्त हिस्से घेते ती ते वाटपात उचलते. या दोघी नेहमी एकच बाई नसतात. गटातली सुस्थितीतली सभासद गरीब सभासदाच्या व्याजावर कमावू शकते. बैठकीला पाचच हिस्से ही मर्यादा त्यासाठीच आहे, आणि ती ‘या वेळेपुरती’ म्हणून सैल करणारे गट हळूहळू सावकार होतात.

पेटीत आणखी एक वेगळी पिशवी असते, ‘म्फुको वा जामी’, समाजनिधी. यात सगळ्यांनी सारखीच छोटी रक्कम घालायची. आजारपण, मयत, आग अशा वेळी यातून मदत मिळते, व्याजाशिवाय, बऱ्याचदा परतफेडीशिवाय. या पिशवीतून कर्ज काढू नये आणि बचतीच्या पैशातून मदत देऊ नये. दोन पिशव्या एक झाल्या की दयाळूपणा आणि थकबाकी यांतला फरक कळेनासा होतो.

मोडतं कुठे? बहुतेक वेळा बैठकीबाहेर. कुणाचं मूल आजारी, अध्यक्षबाई घरच्या घरी पेटीवाल्याकडून पैसे काढून देतात, हेतू चांगला. पुढच्या वेळी कमी तातडीचं कारण चालतं. दुसरं, गट गाजतो आणि माणसं चाळीस होतात. बैठक तीन तास चालते, लोक कंटाळून शेजारणीच्या हाती पैसे धाडतात, आणि ज्या डोळ्यांसमोर पैसे मोजले जायचे तेच डोळे घरी राहतात. अशा वेळी एकाचे दोन गट करणं बरं. तिसरं, कर्जाचा मोसम. केनिया-टांझानियात शाळा जानेवारीत सुरू होतात. फी, गणवेश, वह्या सगळं एकदम. वाटप डिसेंबरात ठेवलं तर त्या पैशातून फी निघते. वाटप जूनमध्ये ठेवलेल्या गटाला जानेवारीत सगळ्यांची कर्जाची मागणी एकदम झेलावी लागते, आणि पेटी अर्ध्यांनाच पुरते. वाटपाआधीचे काही आठवडे नवं कर्ज बंद हा नियमही इथलाच: बाहेर राहिलेलं कर्ज वाटता येत नाही. आणि हेच आठवडे चोरीच्याही भीतीचे, कारण कर्ज परत येत असतात आणि पेटी जड होत जाते.

कर्ज थकलं की ‘धमाना’ पुढे येते. शब्द आपल्या जामिनाचाच सख्खा. दोन-तीन सभासद जामीन राहतात आणि थकबाकी त्यांच्या हिश्श्यांतून कापली जाते. कातिबात एक ओळ आधीच हवी: बुडवणं आणि बुडणं यांत फरक कोण ठरवणार? दुकान जळालेल्या बाईला आणि फोन बंद करून बसलेल्या पुरुषाला एकच नियम लावला तर पुढच्या फेरीत कुणी जामीन राहत नाही.

मोबाइलनं पेटीचा आकार बदलला. केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची आणि ठेवायची सोय, मार्च २००७ मध्ये आलं, टांझानियात पुढच्या वर्षी. आता अनेक गटांची पेटी फोनमध्ये असते आणि तीन कुलपांच्या जागी तीन माणसांचे पिन. चोरी, उंदीर, पाणी यांची भीती गेली. पण वाडग्यात पडणारी नोट दिसत नाही, म्हणून हुशार गट प्रत्येक व्यवहाराचा संदेश सगळ्यांच्या फोनवर येईल अशीच सोय निवडतात, आणि बैठक तरीही भरवतात. टांझानियात २०१८च्या मायक्रोफायनान्स कायद्यानं अशा गटांना चौथ्या, म्हणजे सामुदायिक गटांच्या, स्तरात बसवलं. तिथल्या स्थानिक परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के बायका, तरुण आणि अपंगांच्या गटांना (चार, चार आणि दोन अशा वाटणीनं) बिनव्याजी कर्जासाठी ठेवायचे असाही नियम आहे. परिणाम कुणालाही सांगता येईल: कर्जासाठीच जन्मलेले गट. ज्यांनी एकत्र एक शिलिंगही साठवलेला नाही ते एकमेकांना जामीन राहतात, आणि पैसे हातात पडल्यावर गट विरतो.

वरून आलेली हाक

केनियाच्या राजचिन्हावर एकच शब्द आहे: हाराम्बे. जड ओझं एकदम ओढताना द्यायची ती हाक, आपल्या ‘जोर लगा के’च्या जातीची. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याट्टा यांनी १९६३ मध्ये ती स्वतंत्र देशाची घोषणा केली. हा शब्द ‘हर अंबे’वरून आला, युगांडा रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून गेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी तो तिथे नेला, अशी एक गोष्ट भारतीयांना आवडते आणि केनियातल्या काही ख्रिस्ती मंडळींना खटकते. साम्य गोड आहे. पण कानाला गोड लागलं म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

हाराम्बेनं शाळा उभ्या केल्या, शेकड्यांनी. गावानं जागा, दगड, वाळू आणि श्रम द्यायचे, पत्र्यासाठी वर्गणी काढायची, शिक्षक सरकारनं द्यायचे. इथेच फट होती. भिंत एकदा बांधून होते, पगार दर महिन्याला लागतो. हाराम्बे एका दिवसाच्या उत्साहाला उत्तम आणि कायमच्या खर्चाला कुचकामी. अनेक गावांत वर्ग होते, शिकवायला कुणी नव्हतं. नंतर पुढाऱ्यांना मंच सापडला. मैदानात लोक बसलेले, ध्वनिक्षेपकावर नाव आणि आकडा पुकारला जातो, मोठा आकडा मोठ्या माणसाचा. निवडणूक जवळ आली की आकडे फुगत. खालच्या टोकाला वर्गणी सक्तीची झाली: गावच्या चीफकडे (सरकारनं नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्याकडे) काम असेल तर आधी पावती दाखवा. अखेर २००३च्या कायद्यानं सरकारी अधिकाऱ्यांना पदाचा वापर करून हाराम्बेची वर्गणी गोळा करण्याला चाप लावला.

शेजारच्या टांझानियाची गोष्ट अधिक दुखरी. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी फेब्रुवारी १९६७च्या अरुशा जाहीरनाम्यात उजामा, म्हणजे कुटुंबभाव, हा देशाचा मार्ग ठरवला. त्याआधीपासून दक्षिणेत रुवुमा भागात लिटोवासारखी काही गावं आपणहून सामाईक शेती करत होती, स्वतःची शाळा चालवत होती, आपले निर्णय आपण घेत होती. सरकारला हवं होतं ते नेमकं हेच असायला हवं होतं. पण १९६९ मध्ये सत्ताधारी पक्षानं त्यांची संघटनाच बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या हातात नव्हती. मग १९७३ पासून गावांत राहायला जाणं हुकमाचं झालं आणि लाखो लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून रस्त्याकडेच्या नव्या गावांत आणलं गेलं.

सामाईक शेत का पिकलं नाही, याचं उत्तर आळसात शोधणारे चुकतात. मक्याला खुरपणी हवी ती पाऊस पडल्यावर ठरावीक दिवसांत. तेच दिवस घरच्या शेताला हवे. घरच्या शेतातलं पीक पोटात जाणार हे नक्की. सामाईक शेतातला वाटा कसा मोजणार हे कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. म्वेथ्यात बाईनं आज दिलेला दिवस तिला पुढच्या महिन्यात आपल्या शेतात परत दिसतो. इथे दिलेला दिवस गोदामात जाई आणि तिथून कुठे जाई हे वहीवाल्यालाच माहीत. न्येरेरे एक म्हण वापरत: ‘म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. म्हण खरीच आहे. पण कुदळ हाती देणारा घरधनी ओळखीचा असतो आणि संध्याकाळी तोच जेवायला वाढतो.

कुफा ना कुझिकाना

मयतीच्या गटांचं नाव ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं: कुफा ना कुझिकाना, म्हणजे ‘मरणं आणि एकमेकांना पुरणं’. टांझानियात गल्लोगल्ली असे गट असतात, आणि गाव सोडून शहरात आलेल्यांना त्यांची गरज जास्त. मयत झाली की ठरलेली रक्कम प्रत्येकाकडून, ठरलेल्या मुदतीत. शिवाय अंगमेहनत: पुरुषांनी बाकडी आणि मांडव, बायकांनी तांदूळ, राजमा, लाकडं आणि मोठी पातेली. गावाकडे शव न्यायचं असेल तर गाडी. गटाची स्वतःची पातेली, खुर्च्या आणि ताडपत्री असली तर भाडं वाचतं, आणि सभासद नसलेल्यांना त्या भाड्यानं देऊन चार पैसेही येतात.

कातिबातलं सगळ्यात भांडणाचं कलम म्हणजे कुणाची मयत धरायची. सभासद, जोडीदार, मुलं, आईवडील: इथपर्यंत एकमत. सासूसासरे? वाढवणारी मावशी? स्वाहिलीत आईच्या धाकट्या बहिणीला ‘मामा म्दोगो’, धाकटी आई, म्हणतात, आणि वडिलांच्या धाकट्या भावाला ‘बाबा म्दोगो’. ‘आईवडील’ एवढाच शब्द लिहून ठेवलेल्या गटात एकेका सभासदाचे पाच-पाच आईवडील निघतात. म्हणून अनुभवी गट प्रवेशाच्या दिवशीच नावं लिहून घेतात, माणशी चार किंवा सहा, आणि यादी वर्षातून एकदाच बदलू देतात. नव्या सभासदाला पहिले काही महिने लाभ नाही, नाहीतर घरात कुणी अत्यवस्थ झालं की लोक दाखल होतात.

गटाबाहेरचे लोक देतात ती ‘रांबिरांबी’, सांत्वनाची रक्कम. दाराशी एकजण वही घेऊन बसलेला असतो. नाव, रक्कम, पुढचं नाव. हात जोडून आत जाण्याआधी तिथे थांबणं कुणालाही अशिष्ट वाटत नाही. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले की ती वही घरातल्या थोरल्याकडे जाते आणि कपाटात, महत्त्वाच्या कागदांबरोबर, राहते. आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही जपतात तशीच. दोन वर्षांनी चार घरं पलीकडे कुणी गेलं की ती बाहेर काढायची, नाव शोधायचं आणि मग निघायचं.